कोनी सांगाच्या आधी

फुंकणी आईच्या हातात होती. निखारे तिनंच फुलवले. त्या निखाऱ्यांवर मी तोंड लावलेलं फुलपात्र ठेवलं होतं.

मी नऊ वर्षांची. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका बंगल्याचं मागचं अंगण. बंबाशेजारी त्या घरच्या काकू उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. त्या आईला शांतपणे म्हणाल्या, "सुभद्रे, नीट लाल होऊ दे गं. एकदा विस्तव दाखवला की झालं. धातूचं आहे, त्याला काही होत नाही."

आई म्हणाली, "हो बाईसाहेब."

आणि फुंकत राहिली. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचंच होतं असं मी तेव्हा धरून चालले, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच धरून चालले.

आई त्या घरी बाहेरचं काम करायची. अंगण झाडणं, लाकडं फोडणं, बंब पेटवणं. बंबात पाणी भरायला मात्र दुसरी बाई यायची. मला वाटायचं, आईला बादल्या जड होतात म्हणून काकूंनी वेगळी बाई ठेवली. किती चांगल्या काकू! खरंच सांगते, असं मी वस्तीतल्या पोरींना सांगत फिरायची. शिकलेल्या माणसांचं घर, कोणी मोठ्यानं बोलत नाही, शिव्या नाहीत, मारहाण नाही. आमच्या वस्तीत सकाळपासून ठणाणा. मला ते घर फार आवडायचं. आज लाज वाटते, पण आवडायचं.

काका कॉलेजात मराठी शिकवायचे. काकू दर रविवारी सकाळी ओसरीवर मुलांचा वर्ग घ्यायच्या. आसपासच्या बंगल्यांतली दहाबारा पोरं. श्लोक, पाढे, थोरामोठ्यांच्या गोष्टी. एकदा काकूच आईला म्हणाल्या, "तुझ्या मुलीलाही पाठवत जा. हुशार आहे. आमच्याकडे भेदभाव नाही." आईला केवढा आनंद! माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. मी ओसरीच्या खालच्या पायरीवर बसायची. वर बस असं कोणी म्हटलं नाही, खाली बस असंही कोणी म्हटलं नाही. मी आपली बसले.

मी 'मले' म्हटलं की पोरं हसायची. काकू हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "मला म्हणायचं बाळ. मला." मी दोन रविवारांत 'मला' म्हणायला लागले.

वर्ग सुटला की उन्हाळ्यात पन्हं, हिवाळ्यात दूध. ताटात चकचकीत फुलपात्रं यायची. माझा कप वेगळा होता. चिनी मातीचा, निळ्या रेघेचा, कान तुटलेला. तो बाहेरच्या नळाजवळच्या कट्ट्यावर असायचा, उपडा. काकू वरून त्यात पन्हं ओतायच्या. पिऊन झालं की तो मी धुवायचा आणि परत तिथंच उपडा ठेवायचा. मला त्यात काही वाटायचं नाही. उलट आपल्याला आपला स्वतःचा कप आहे अशी ऐट होती. बाकीच्या पोरांचं काय, कोणतंही फुलपात्र कोणाच्याही वाट्याला!

त्या दिवशी लगोरी खेळून धावतच आले होते. घसा सुकलेला. ताट माझ्यासमोरून गेलं आणि मी एक उचललं. गटागट प्यायले. बस, एवढंच. कोणी ओरडलं नाही. एक पोरगी नुसती माझ्याकडे बघत राहिली. सगळी पोरं घरी गेल्यावर काकूंनी मला मागच्या अंगणात बोलावलं.

"सगळ्यांसमोर बोलले का मी तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

"मग? आपली वस्तू आपण वापरायची, आपण धुवायची, आपल्या जागी ठेवायची. याला स्वावलंबन म्हणतात. लक्षात ठेवशील ना?"

मी मान हलवली. समोर फुलपात्र लाल होत होतं. आई फुंकत होती.

घरी येताना वाटभर आई पुढे झपाझप चालत होती. मला वाटलं, घरी गेल्यावर मार आहे. मार नव्हता. तिनं आमचा घरातला कप घेतला, त्यात पाणी ओतलं, माझ्या हातात दिला.

"पे."

मी प्यायले.

"आता धू."

धुतला.

"दाराबाहेर ठेव. उपडा."

ठेवला. तिनं तो आत आणला, पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा पे, धू, ठेव. पुन्हा. दिवेलागणीपर्यंत हेच. पोट पाण्यानं डम्म झालं. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याच्याखाली हे चाललं होतं. छप्पन साली आईनं पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली होती. घरातले देव बाबांनी गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मी त्यानंतरची, जन्मानंच बौद्ध. मला काहीच सोडावं लागलं नव्हतं, असं बाबा अभिमानानं सांगायचे.

शेवटी मी रडायला लागले. "काहून करून राहिली वं आई?"

तिनं मला जवळ ओढलं. तिच्या पदराला धुराचा वास येत होता. म्हणाली, "तू आधीच धुत जाय. कोनी सांगाच्या आधी. मंग कोनी सांगतच नाही."

मायेनं म्हणाली. हे मला सांगायलाच हवं. जगातल्या सगळ्यात जास्त मायेनं म्हणाली. पोरीला पुन्हा कोणी विस्तवासमोर उभं करू नये, एवढंच तिला पाहिजे होतं.

मी इतकी तयार झाले की वर्षअखेर मला बक्षीस मिळालं. वर्गाचा छोटा समारंभ होता, ओसरीवर सतरंज्या टाकलेल्या, मुलांचे आईबाप आलेले. माझी आई कुंपणाजवळ उभी. श्लोकाचं बक्षीस एकाला, पाढ्यांचं एकाला. मग काकू म्हणाल्या, स्वावलंबनाचं बक्षीस! आणि माझं नाव घेतलं. टाळ्या. काकांनी छोटा शब्दकोश माझ्या ओंजळीत वरून सोडला. मग त्यांनी छोटंसं भाषण केलं. प्राध्यापक ते, शब्दाशिवाय त्यांना राहवत नसे.

म्हणाले, "आपण म्हणतो, संस्कार बिंबवले. बिंबवणं म्हणजे काय? मूळ शब्द संस्कृत. बिंब म्हणजे सूर्याची, चंद्राची ती गोल तबकडी. ती पाण्यात उमटते. तशी गोष्ट मनात उमटली की ती बिंबली, आणि आपण उमटवली की बिंबवली. एका दिवसात होत नाही हे. रोज, थोडं थोडं. मुलाचं मन म्हणजे पाणी. या मुलीकडे बघा. कोणत्या घरातून आली, आणि काय बिंबलं!"

लोकांनी माझ्याकडे बघितलं. आई कुंपणाजवळ हसत होती. मी पण हसले. अगं बाई, किती हसले मी त्या दिवशी! शब्दकोश उशाशी घेऊन झोपले.

मग मी शिकले. मॅट्रिक झाले, डी.एड. केलं, सावनेरच्या एका शाळेत लागले. लग्न झालं. बदली होऊन नागपुरात आले. आणि या सगळ्यात एक गोष्ट माझ्यासोबत चालत आली. कोणाकडेही चहा घेतला की मी उठायची, मोरी कुठे आहे ते विचारायची, कप धुवायची आणि दारापाशी उपडा ठेवायची. कोणी सांगायच्या आधी. शाळेत शिपाई म्हणायचा, "बाई, राहू द्या ना, ते माझं काम आहे." मी म्हणायची, सवय आहे हो. साहेब तपासणीला आले, त्यांच्यासमोरही धुतला. ते म्हणाले, व्वा. डोक्यात काही येत नसे. हात आपोआप जायचे. आणि हो, सगळीकडे नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे मला माझ्या पोरीनं दाखवलं.

मितू तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, म्हणून त्यांनी सगळ्या शिक्षिकांना चहाला बोलावलं. त्यांचं घर रामदासपेठेतच. तो बंगला नव्हे, दोन गल्ल्या पलीकडे. तरी रिक्षा वळली आणि मी पदर नीट करून बसले. मी मितूचा फ्रॉक उगाच दोनदा झटकला.

बाई चांगल्या होत्या. आजही म्हणते, चांगल्या होत्या. त्यांनी काही केलं नाही. सगळ्यांना सारखे कप, सारख्या बश्या, पोरांना स्टीलच्या ग्लासात दूध. मीही सोफ्यावर बसले. गप्पा चालल्या होत्या. कोणाच्या तरी सुनेचा विषय रंगला होता. मी अजून चहा पीत होते.

मितूचं दूध संपलं. ती उठली. इकडेतिकडे बघितलं आणि आत गेली. नळाचा आवाज आला. मग ती ओला ग्लास दोन्ही हातांत धरून बाहेर आली. आमच्या समोरून चालत गेली. उंबरा ओलांडला. चपलांच्या शेजारी वाकली आणि ग्लास उपडा ठेवला. फ्रॉकला हात पुसले. परत येऊन माझ्या मांडीला टेकून बसली.

तिच्या वर्गातली दुसरी दोन पोरं होती तिथं. त्यांचे ग्लास टीपॉयवर तसेच पडले होते, साय लागलेले. एक तर आडवा झाला होता.

बाई कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई! एवढीशी पोर! किती छान संस्कार बिंबवलेत हो तुम्ही!"

तोच शब्द. टाळ्या तेवढ्या नव्हत्या.

माझ्या कानात फुंकणीचा आवाज सुरू झाला. खोटं वाटेल कोणाला, वाटू द्या. फूऽऽ, फूऽऽ. इतक्या वर्षांनी. मी मितूच्या कानाशी वाकले आणि माझ्या तोंडून आपसूक आमची भाषा आली.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोणी नाही."

"मंग काहून धुतला?"

"तू करते ना."

"घरी आपण तिथं ठेवतो का? चपलांपाशी?"

"घरी नाही." ती समजावल्यासारखी म्हणाली. "मावशीकडे पण नाही करत तू. आजीकडे पण नाही. अशा घरी करते."

अशा घरी. सहा वर्षांची पोर. तिला कोणी जात सांगितली नव्हती. मी तर ठरवूनच सांगितली नव्हती, वाटायचं मोठी झाली की सांगू. ती नुसती माझ्या बोटाला धरून घराघरांत गेली आणि तिनं घरं वेगळी काढली. ही आपली, ही अशी. तिचं काही चुकलंही नव्हतं. एकही घर चुकलं नव्हतं.

मला निखाऱ्यांसमोर उभं करून तरी शिकवलं होतं. पाण्यानं पोट फुगवून शिकवलं होतं. मितूला मी काय केलं? काही नाही. हाक मारली नाही, डोळे वटारले नाहीत. मी फक्त तिच्यासमोर उभी राहिले, रोज, थोडं थोडं. काका बरोबर बोलले होते. बिंब पडायला पाण्याशी बोलावं लागत नाही.

उंबऱ्याबाहेर तो ग्लास दिसत होता. त्याच्याखाली पाण्याची गोल खूण उमटली होती. मी उठले. बाहेर गेले, चपलांतून तो ग्लास उचलला, आत आणला. सगळ्या बघायला लागल्या.

"बाई, मितूला अजून थोडं दूध मिळेल?"

"हो हो, का नाही," म्हणत त्यांनी ओतलं. मितूनं माझ्याकडे बघितलं. तिला नको होतं. मी म्हटलं, "पे." आणि त्याच क्षणी मला आईचा तो 'पे' ऐकू आला. मी थांबले. ग्लास मी तिच्या हातातून घेतला आणि मीच प्यायले. सगळं. मग तो उष्टा ग्लास टीपॉयवर ठेवला, त्या दोन सायीच्या ग्लासांना खेटून. माझा चहाचा कप त्याच्या शेजारी. उपडा नाही. सुलटा, तळाशी चहा राहिलेला.

आणि बसले. हे बसणं सोपं होतं असं कोणी समजू नका. माझे हात उठत होते. खरंच उठत होते, कोणी दोरीनं ओढावे तसे. मी ते मांडीखाली घेतले. बाईंच्या चेहऱ्यावर काही आलं का, ते मी शोधत होते. काही नव्हतं. त्यांनी सगळे कप गोळा केले, आमचेही, आणि आत नेले. मोरीत भांडी वाजली. त्या आत त्यांचं काय करतात, ते मला दिसत नव्हतं. बघा, एवढी वर्षं गेली, नोकरी आहे, पगार आहे, आणि मी कान देऊन ऐकत होते की आत कुठे शेगडी पेटते का.

रिक्षात मितूनं विचारलं, "आई, माझं चुकलं?"

"नाही वं. माझं चुकलं."

"काय?"

घरापर्यंत तिचा हात धरून ठेवला, इतका घट्ट की ती म्हणाली, दुखते.

पुढच्या रविवारी आईकडे गेले. आई थकली होती, डोळ्यांना कमी दिसायचं. मी गेल्या गेल्या भांडायलाच सुरुवात केली. सगळं बोलले. बक्षीस, कप, ग्लास, मितू. म्हटलं, "तू तर दीक्षा घेतली होती ना? देव नदीत सोडले, मंग हे काहून ठेवलं घरात? काहून शिकवलं मले?"

आईनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी बाई म्हने, फुक. म्या फुकलं. माह्या लेकराचा विटाळ जाळाले म्याच फुकलं. मले अजून तो निखारा दिसते. डोये मिटले का दिसते."

आणि हात पुढे करून माझा चेहरा चाचपडला.

"म्या तुले जाळापासून वाचवाले गेली वं."

मी आईवर ओरडले होते. कोणावर ओरडायचं होतं आणि कोणावर ओरडले! काकू त्यांच्या ओसरीवर शांत असतील. त्यांनी तर साधा आवाजही चढवला नव्हता. त्यांनी आईच्या हातात फुंकणी दिली, माझ्या हातात कप दिला, आणि पुढचं सगळं काम आम्हीच केलं. आईनं माझ्यावर, मी मितूवर. बिनपगारी, मायेनं. मितूनं पुढे तिच्या पोरीवर केलं असतं, आणि तिला फुंकणी म्हणजे काय हेही माहीत नसतं.

आम्ही दोघी रडलो. पण रडून ते काही निघत नाही.

घरी येऊन मी तो शब्दकोश काढला. पहिल्या पानावर काकांचं सुंदर अक्षर, 'स्वावलंबनासाठी, सस्नेह'. मी ते पान फाडलं नाही. फाडून काय होतं? मितू वाचायला लागेल तेव्हा तिला ते दाखवणार आहे. कोणी दिलं, कशासाठी दिलं, त्या दिवशी आजी कुठे उभी होती. सगळं सांगणार आहे, जातीच्या नावासकट. मी लपवून काय मिळवलं ते बघितलं.

शाळेत हे बोलले तेव्हा एकदोघी म्हणाल्या, कप धुणं वाईट आहे का हो? चांगलीच तर सवय आहे. अहो, घरी धुतेच की! माझा धुते, नवऱ्याचा धुते, तुम्ही माझ्याकडे आलात तर तुमचाही धुवीन. माझं भांडण धुण्याशी नाही. उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ जी जागा आहे ना, तिथं मी आता काही ठेवत नाही. माझी पोरगीही ठेवणार नाही.

आता कोणाकडे जायचं असलं की मी मितूला मुद्दाम सोबत नेते. अशाच घरी नेते. चहा घेते. कप सगळ्यांच्या कपांत ठेवते, तसाच, उष्टा. हात अजून उठतो. दर वेळी उठतो. मरेपर्यंत उठेल बहुतेक. मी तो मांडीखाली दाबून धरते आणि बसून राहते.

मितू बघत असते. माझ्या हाताकडे बघते, मग माझ्या तोंडाकडे. मी तिला बघू देते.